ओझरचं मिग, काकडीची धावपट्टी आणि माझी एक जुनी हेडलाइन

परवा रात्री जेवणं झाल्यावर मी ओझरहून मिग-२१ घेऊन उडालो आणि दहा मिनिटांच्या आत शिर्डी विमानतळाच्या, म्हणजे आपल्या काकडीच्या धावपट्टीपलीकडच्या शेतात जाऊन आपटलो. कुणाला काही झालं नाही. मुलाच्या लॅपटॉपवर एक चौकट आली, मी बटण दाबलं आणि विमान पुन्हा ओझरला नवंकोरं उभं.

गेले काही महिने हे माझं रोजचं काम झालंय. घरात यावर पुरेसे विनोद झालेत, तुम्ही नव्याने केले नाहीत तरी चालेल. पण हे सुरू का झालं ते सांगायचंय, कारण त्यात आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला एक कारखाना आहे, पुण्यातलं एक कुटुंब आहे आणि मी स्वतः केलेली एक चूक आहे. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ मध्ये आलेलं विमान, ६२ वर्षं सेवेत. त्या दिवशी सगळ्या चॅनेलवर दोनच गोष्टी चालल्या होत्या. एक, आकाशाचा बादशहा. दुसरी, उडती शवपेटी. ही दुसरी ऐकली आणि मला एकदम आठवलं की हे शब्द मीसुद्धा छापलेत. कपाटावरची कात्रणांची पेटी काढली. पत्रकारितेची पदविका घेऊन नुकताच नगरच्या एका दैनिकात लागलो होतो तेव्हाची. दैनिकाचं नाव राहू द्या. रात्रपाळीला मी उपसंपादक. राजस्थानात मिग पडल्याची एजन्सीची बातमी आली, मी मथळा दिला: 'उडत्या शवपेटीचा आणखी एक बळी'. सकाळी शाबासकी मिळाली. नंतर काही आठवड्यांनी आतल्या पानावर चार ओळी, त्यालाही मथळा माझाच: 'पायलटच्या चुकीमुळेच मिग कोसळले'. दोन्ही कात्रणं मी जपून ठेवली होती, कारण तेव्हा मला दोन्ही मथळे चांगले वाटले होते.

आता शेजारी शेजारी ठेवून वाचली तर कळेना. विमान शवपेटी असेल तर चूक पायलटची कशी? आणि चूक पायलटची असेल तर शवपेटी कशाला म्हणायचं? त्या वेळी हा प्रश्न मला पडला नव्हता, इतरही कुणाला पडला नव्हता. पान वेळेवर सोडायचं होतं.

मग मुलाने सुचवलं, "पप्पा, उडवूनच बघा की."

फ्लाइटगिअर नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट. १९९६-९७ पासून जगभरातले हौशी लोक ते मिळून बनवतायत. याला गेम म्हणणं बरोबर नाही, कारण यात गुण नाहीत, लेव्हल नाहीत, जिंकणं-हरणं नाही. विमान हवेत कसं वागेल याचं गणित आहे आणि जगाचा नकाशा आहे. विमानंही लोकांनीच वेळ काढून बनवलेली आणि फुकट वाटलेली. त्यात मिग-२१ बिस आहे. हे 'बिस' म्हणजे तेच मॉडेल जे ओझरला बनत होतं. आतलं कॉकपिट तसंच, हिरवट-निळं, घड्याळांनी गच्च भरलेलं. इंजिन सुरू करायला मला चार रात्री लागल्या. एखादं बटण राहिलं की विमान ढिम्म हलत नाही.

ओझरविषयी थोडं सांगतो, कारण आपल्याकडच्या तरुण मुलांना ते फक्त टोलनाका म्हणून माहीत आहे.

चीनशी युद्ध व्हायच्या आधीच, १९६२ च्या ऑगस्टमध्ये, मिगसाठी सोव्हिएत युनियनशी करार झाला होता. युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ ला नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. १९६४ ला ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला. त्याचं श्रेय नाशिककर आजही चव्हाणांना देतात. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. ऐंशीच्या दशकापर्यंत एफएल, एम आणि बिस या तीन प्रकारांची मिळून पाचशेच्या वर मिग-२१ ओझरहून गेली. म्हणजे भारताने वापरलेली बहुतेक मिग-२१ या द्राक्षांच्या आणि कांद्याच्या पट्ट्यात तयार झालेली आहेत. आमच्या कोपरगाव, येवला, निफाड, सिन्नर भागात 'मिगमध्ये आहे' म्हटलं की मुलीचं लग्न ठरायचं. कारखान्याचं खरं नाव हिंदुस्तान एरोनॉटिक्स, पण ते कुणी उच्चारत नाही. ओझर मिग. बसची पाटीसुद्धा तशीच वाचल्याचं आठवतं.

माझे मामा त्याच कारखान्यात फिटर होते. त्यांच्याविषयी नंतर.

मी तीच वाट धरतो. ओझरची धावपट्टी तीन किलोमीटर. आफ्टरबर्नर लावला की विमान तोफेतून सुटल्यासारखं जातं, आणि चाकं कधी उचलली गेली ते कळायच्या आत निफाड मागं पडलेलं असतं. डावीकडं नांदूरमध्यमेश्वरचं पाणी, उजवीकडं लांब अकोल्याचे डोंगर, त्यात कळसूबाई. फुकटच्या नकाशात घरं सगळी एकसारखी, कारखान्याची चिमणी नाही, आमचं कोपरगाव म्हणजे चार राखाडी ठिपके. पण गोदावरीचं वळण बरोबर आहे. ते वळण वरून पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. ती आली तोवर राहाता आलं होतं. ताशी ९०० किलोमीटरने ओझर ते नगर दहा मिनिटांचा रस्ता आहे. (एसटीने जाणाऱ्यांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.)

इथपर्यंत कुणालाही जमेल. खरी गोष्ट उतरताना सुरू होते.

मिग-२१ चा जन्म एका कामासाठी झाला. शत्रूचं बॉम्बफेकी विमान उंचावर दिसलं की जमिनीवरून सुसाट वर चढायचं, त्याला पाडायचं, परत यायचं. १९५० च्या दशकातला विचार. त्यासाठी इंजिन मोठं आणि पंख अगदी छोटे, त्रिकोणी. या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वासात मीटरसुद्धा नाहीत. दुप्पट ध्वनिवेगाला असे पंख उत्तम. पण वेग कमी झाला की छोट्या पंखांना विमान तोलून धरणं जड जातं. मग नाक वर करून यावं लागतं, नाक वर केलं की वेग आणखी पडतो, आणि तोच वर आलेला नाकाचा भाग समोरची धावपट्टी झाकतो. इंजिनाची ताकद कमी करून तरंगत खाली येऊ म्हणाल तर तसं होत नाही. ताकद काढली की विमान दगडासारखं खाली बसतं. पुन्हा ताकद दिली तरी जेट इंजिनला वेग पकडायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात जमीन आलेली असते. म्हणून धावपट्टीकडं येताना ताशी ३०० किलोमीटरच्या वरच राहावं लागतं, इंजिन चालू ठेवून.

काकडीची धावपट्टी अडीच किलोमीटर. ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. न थांबता गेलात तर अख्खी धावपट्टी ३० सेकंदांत संपते. चाकं टेकल्याबरोबर शेपटीतून पॅराशूट सोडायचं, मग ब्रेक. मी कधी आधीच जमिनीवर आदळतो, कधी पॅराशूट विसरतो, कधी अर्धी धावपट्टी संपल्यावर टेकतो. ओझरला तीनदा नीट उतरलोय, काकडीला एकदाही नाही.

हे सगळं मी दिवसा, स्वच्छ हवेत, खुर्चीत बसून, हातात पाण्याचा तांब्या ठेवून करतोय. एका रात्री मी सिम्युलेटरमध्येही रात्र केली. उड्डाण केलं आणि खाली काहीच दिसेना. वर कुठं, खाली कुठं ते फक्त एका गोल घड्याळावरून कळायचं. वळण घेताना मी त्या घड्याळावरून नजर काढून वेगाचा काटा बघितला, परत बघतो तर विमान जवळजवळ उलटं. चार सेकंद, फार तर पाच. चौकट आली.

ती चौकट बघताना मला माझी चार ओळींची बातमी आठवली. कुणी मला विचारलं असतं तर ही चूक माझीच होती. पण मला हे विमान कुणी शिकवलं होतं?

हाच प्रश्न हवाई दलाला १९८२ मध्ये पडला होता. अपघात वाढले म्हणून नेमलेल्या ला फाँटेन समितीने सांगितलं की आपल्याकडं मधली पायरीच नाही. म्हणजे कसं, तर नवी मुलं किरण, इस्क्रा अशा विमानांवर शिकायची. किरणचा जास्तीत जास्त वेग ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास, स्वभाव गरीब, शिकवणारा शेजारच्या सीटवर. तिथून पोरगा थेट मिग-२१ मध्ये. दोन सीटची मिग होती, पण ती झाली तरी मिगच. लुनावरून उतरवून एखाद्याला थेट भरलेल्या उसाच्या ट्रकवर बसवावं आणि घाट उतर म्हणावं, तसा प्रकार. समिती म्हणाली, प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या.

ते विमान, ब्रिटिश हॉक, घ्यायचा करार झाला २००४ मध्ये. हवाई दलात ते दाखल झालं फेब्रुवारी २००८ मध्ये, बिदरला. १९८२ ते २००८. २६ वर्षं. या काळात दिल्लीत किती सरकारं बदलली ते मोजा, म्हणजे कुणा एकाच्या माथी मारता येणार नाही. दरम्यान १९८६-८७ पासून आसाममध्ये तेजपूरला मिगवरच मुलांना तयार करायचं एक युनिट चाललं. सोव्हिएत युनियन मोडल्यावर सुट्या भागांची ओढाताण झाली. मिगच्या जागी यायचं म्हणून १९८३ ला ठरलेलं तेजस पहिल्यांदा उडालं २००१ च्या जानेवारीत आणि त्याचं पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं जुलै २०१६ मध्ये. नवं येईना म्हणून जुनं वाढवत नेलं. बिसचं बायसन केलं. हवेत बॉम्बफेकी विमानं अडवायला जन्मलेलं विमान जमिनीवर हल्ला करायलाही वापरलं, आणि शिकाऊ पोरांना शिकवायलाही.

विमान वाईट होतं असं मी म्हणणार नाही. १९७१ च्या डिसेंबरमध्ये ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी मिग-२१ नीच निकामी केली. १४ डिसेंबरला गव्हर्नर हाऊसवर याच विमानांनी रॉकेट सोडले आणि गव्हर्नर मलिक यांनी बंकरमध्ये बसून राजीनामा लिहिला. दोन दिवसांनी ढाका पडलं. जगात अकरा हजारांच्या आसपास मिग-२१ बनली, उगाच नाही बनली.

पण आकडे दुसरीकडंही आहेत. २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातात गेली. त्यात १७१ वैमानिक गेले, ३९ नागरिक गेले. मी बातमीदार असून हा ३९ चा आकडा मला गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हता. त्यानंतरही ते थांबलं नाही. मे २०२३ मध्ये सुरतगडहून उडालेलं मिग हनुमानगड जिल्ह्यात एका घरावर पडलं, तीन बाया गेल्या. त्या घरातच होत्या.

सुरतगड हे नाव लक्षात ठेवा. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री तिथूनच फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांनी मिग-२१ घेऊन उड्डाण केलं आणि काही क्षणांत विमान कोसळलं. पुण्याचा मुलगा. ठपका वैमानिकावर आला, रात्रीच्या अंधारात दिशाभान गेलं म्हणून. आई कविता गाडगीळ आणि वडील अनिल गाडगीळ, जे स्वतः वैमानिक, यांनी ते मान्य केलं नाही. कविताताईंनी पत्रं लिहिली, मंत्र्यांना गाठलं, टीव्हीवर बोलल्या. लोकांना हे सगळं २००६ च्या 'रंग दे बसंती'मुळे अंधुक आठवतं, कारण त्या सिनेमाची गोष्ट त्यांच्या लढ्याशी जोडली जाते. सिनेमात पुढं पिस्तुल येतं. गाडगीळ कुटुंबाने प्रत्यक्षात जे केलं ते मला जास्त मोठं वाटतं. त्यांनी मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान काढलं, आणि पुण्यात जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट उभी केली. कशासाठी, तर वैमानिकांना सिम्युलेटरवर तयार करण्यासाठी. म्हणजे ज्या चुकीने जीव जातो ती चूक आधी जमिनीवर करून घ्यायची, दहा वेळा, पन्नास वेळा.

हे मी वर्षांपूर्वी वाचलं होतं. 'शोकातून उभारलेलं कार्य' छापाचा फीचर म्हणून वाचलं आणि पान उलटलं. रात्रीच्या त्या चार सेकंदांनंतर पुन्हा वाचलं. दिशाभान जाणं म्हणजे काय ते मला आता थोडं माहीत आहे, तेही सपाट पडद्यावर, पोटात गोळा न येता. अभिजितच्या विमानात नेमकं काय झालं हे मी सांगू शकत नाही आणि तो माझा अधिकारही नाही. पण 'पायलटची चूक' हे तीन सेंटिमीटरच्या बातमीत बसणारं वाक्य नाही एवढं कळलं. त्या वाक्यात १९८२ ची समिती येते, २६ वर्षं येतात. बातमीदाराने किमान एक फोन करायचा असतो. मी केला नव्हता. ज्याच्यावर मी मथळा दिला त्याच्याही घरी कुणीतरी तो वाचला असेल. मराठी नसतील तर नसेल वाचला. नसेलच वाचला अशी आशा आहे.

आता मामा.

दिवाळीत घरी आले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, एका कानाने कमी ऐकू येतं. कारखान्यातल्या रिवेटिंगच्या आवाजाने गेला असं ते सांगतात. मी मोठ्या हौसेने लॅपटॉप उघडला. म्हटलं मामा, बघा तुमचं विमान. त्यांनी चष्मा लावला, जवळ येऊन बघितलं.

"बाहेरून दाखव."

मी कॅमेरा बाहेर नेला. विमान ओझरच्या धावपट्टीवर उभं.

"पंखाखाली घे. आणखी खाली. हां."

बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "रिवेट नाही दाखवले रे यांनी."

मी उड्डाण केलं. मामा गप्प बसून बघत होते. शेजारच्या खोलीत पोरं फटाक्यांवरून भांडत होती. काकडीला आलो, नेहमीसारखा आपटलो. मला वाटलं हसतील. ते खुर्ची मागं सरकवून उठले.

मी विचारलं, "मामा, खरं पडल्याची बातमी यायची तेव्हा तुमच्याकडं काय व्हायचं?"

"काय व्हायचं म्हणजे? पहिला प्रश्न, पोरगा वाचला का. तो सगळेच विचारायचे. दुसरा कुणी मोठ्याने विचारत नव्हतं."

"कोणता?"

"नंबर काय होता. आपण केलेलं होतं का." थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही पेपरवाले लिहायचे ना शवपेटी. आमच्या शॉपमध्ये डब्याच्या सुट्टीला पेपर यायचा."

मी त्यांना माझं कात्रण दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं. पेटी कपाटावरच होती.

ओझरला आता तेजस बनतं. १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथल्या नव्या लाइनवरचं पहिलं मार्क १ए उडालं, संरक्षणमंत्री आले होते, फोटो तुम्ही पाहिले असतील. शिकणाऱ्या मुलांसाठी मधली पायरी आज आहे, सिम्युलेटरही आहेत. तरी उद्या एखादं विमान पडेलच. सुखोई २०१८ ला पडलं, २०२४ ला पडलं, दोन्ही निफाड तालुक्यात, आपल्या उंबऱ्यात. दोन्ही वेळा वैमानिक सुखरूप बाहेर आले. तेव्हाही गावातून पहिला फोन मला आला तो 'पायलटने काय केलं असेल' असाच.

नगर जिल्ह्यात, येवल्या-निफाडकडं, कुणाच्या घरी ओझर मिगमध्ये काम केलेली जुनी माणसं असतील तर मला त्यांच्याशी बोलायचंय. फिटर, वेल्डर, रंगारी, कँटीनवाले, कुणीही. त्यांच्याकडं जुने फोटो, ओळखपत्रं असतील तर जपून ठेवा, रद्दीत घालू नका. मी येऊन बघेन, परत करेन. वैमानिकांवर पुष्कळ लिहून झालंय, ते व्हायलाच हवं होतं. पण पंखाखालून विमान बघणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

मामांनी जाताना एक सांगितलं. काकडीला मी फार उंचावरून येतो म्हणे. आज रात्री तसं करून बघतो.